गनीम म्हणजे कोण?

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत द्वारका, नवी दिल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या हीरक महोत्सवात लढाईच्या शब्दांविषयी बोलावे, हे कदाचित काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु या विषयाचे मूळ शाळेच्या वर्गातच आहे. इतिहासाच्या तासाला शिवकाल चालू होता. फळ्यावर ‘गनिमी कावा’ हे दोन शब्द लिहिले गेले आणि सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. समानार्थी शब्द पाठ करताना ‘गनीम म्हणजे शत्रू’ हे तिने नुकतेच पाठ केले होते. तिचा प्रश्न सरळ होता. डोंगर आपले, मावळे आपले, युक्तीही आपली. मग त्या युक्तीला शत्रूचा कावा का म्हणायचे? वर्ग हसला. बाईंनी तासापुरते उत्तर दिले आणि घंटा झाली. पण काही प्रश्न घंटेबरोबर संपत नाहीत. त्या मुलीच्या प्रश्नाला जे सविस्तर उत्तर मिळायला हवे होते, ते देण्याचा प्रयत्न म्हणजे आजचे हे व्याख्यान.

प्रथम शब्द पाहू. ‘गनीम’ हा मूळचा अरबी शब्द. फारसीच्या वाटेने तो हिंदुस्थानातल्या भाषांत आला. ज्या धातूपासून तो बनला, त्याचा अर्थ सायासावाचून एखादी वस्तू हाती लागणे, लाभ होणे, लूट मिळणे असा आहे. अरबस्तानातल्या टोळ्यांची लूट म्हणजे मुख्यतः जनावरे; त्याच धातूच्या कुळात ‘गनम’ म्हणजे शेळ्या-मेंढ्या हा शब्द आहे, यावरून त्या जगाची कल्पना यावी. युद्धात हाती लागलेली लूट ती ‘गनीमत’, आणि लूट करणारा, म्हणून शत्रू, तो ‘गनीम’.

दिल्लीत वाढणाऱ्या मुलांना यातला एक शब्द ओळखीचा वाटला असेल. बस चुकता चुकता मिळाली, पडल्यावर थोडक्यात निभावले, की इथला माणूस ‘गनीमत है’ असे म्हणून सुस्कारा सोडतो. अनपेक्षितपणे पदरात पडलेले भले, नशिबाने झालेला लाभ, हा त्या उद्गारातला भाव. म्हणजे एकाच धातूची दोन अपत्ये. एक हिंदीच्या घरी दत्तक गेले आणि दिलासा देणारे झाले. दुसरे मराठीच्या घरी आले आणि शत्रू ठरले. आपली मुले सकाळी शाळेत एकाला भेटतात आणि संध्याकाळी बाजारात दुसऱ्याला. दोघे सख्खे भाऊ आहेत, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

आता ‘कावा’. आज या शब्दाचा अर्थ डाव, कपट असा होतो. पण तो मुळात घोड्याच्या पाठीवरचा शब्द आहे. घोड्याला वर्तुळात फिरवणे, एका अंगाला वळवून रिंगण घेणे, याला कावा म्हणत. हिंदीतही ‘कावा काटना’ हा प्रयोग याच अर्थाने रूढ होता. समोरून चालून येतो आहे असे वाटावे तोच स्वाराने घोडा वळवावा, पळतो आहे असे वाटावे तोच वळसा घालून पिछाडीवर यावे, या हालचालीतून शब्दाला डावपेचाचा अर्थ आला. तेव्हा ‘गनिमी कावा’ या शब्दांत मूळचे चित्र आहे ते लुटून नेणाऱ्या शत्रूच्या फिरत्या घोड्याचे.

हे चित्र पाहणारा डोळा कोणाचा होता? दक्षिणेत उतरलेल्या मोगल फौजेचा. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेच्या स्वारीवर निघाला आणि १७०७ साली अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, मरण पावला. सुमारे पंचवीस वर्षे बादशाही छावणी दख्खनच्या डोंगरपठारांवर फिरत राहिली. त्या काळातल्या फारसी लेखनात मराठ्यांचा उल्लेख ‘गनीम’ या शब्दाने पुन्हा पुन्हा येतो. राग अधिक असेल तेव्हा त्याला ‘लईम’, म्हणजे नीच, हे विशेषणही जोडले जाते. बुऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून हे युद्ध वर्षानुवर्षे पाहत होता. त्याने ते ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ या ग्रंथात लिहून ठेवले. त्याचे लेखन वाचताना जाणवते की मोगल फौजेला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट होती ती शत्रूचे हाती न लागणे. तो आहे हे ठाऊक असायचे. कुठे आहे, हे मात्र कळायचे नाही.

१६९५ सालचा दोड्डेरीचा प्रसंग याचे उत्तम उदाहरण आहे. कर्नाटकात चित्रदुर्गाच्या बाजूला संताजी घोरपड्यांनी कासिमखानाच्या मोठ्या फौजेला गाठले. सामान आणि तंबू घेऊन पुढे गेलेली तुकडी आधी लुटली, मग उरलेल्या फौजेला दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडले आणि बाहेरची रसद तोडली. आत धान्य नाही, जनावरांना चारा नाही. कासिमखान त्या गढीतच मरण पावला आणि उरलेल्यांनी खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. तलवारीपेक्षा उपासमारीने जिंकलेली ही लढाई आहे. हरणाऱ्याला ती लढाई वाटली नसेल, लूटच वाटली असेल. आणि म्हणूनच त्याच्या तोंडी ‘गनीम’ हा शब्द आला असेल.

पण मराठी कागदपत्रे उघडली की गंमत दिसते. तिथेही ‘गनीम’ आहेच, फक्त तो मोगल आहे, सिद्दी आहे, जो कोणी समोर उभा ठाकला असेल तो आहे. एकाच रणांगणाच्या दोन्ही बाजूंनी एकच शब्द एकमेकांवर फेकला जात होता. मग आपल्याच युद्धपद्धतीला हे नाव कसे चिकटले? याचा उलगडा दोन प्रकारे करता येतो. मराठीत गनीम म्हणजे शत्रू, तेव्हा शत्रूवर करायचा कावा तो गनिमी कावा, हा एक. मोगलांनी ज्याला गनीम म्हटले त्या मराठ्यांचा कावा, हा दुसरा. पहिला अर्थ लावला तर त्या मुलीची अडचण चटकन दूर होते. परंतु ‘गनिमी’ या विशेषणाची घडण दुसऱ्या अर्थाकडे अधिक झुकते. दख्खनी तो दख्खनचा, मोगली तो मोगलांचा, तसा गनिमी तो गनिमाचा. हे मान्य केले तर उत्तर असे होते : हे नाव आपण आपल्याला दिलेले नाही. ते दुसऱ्याने शिवी म्हणून दिले आणि आपण ते बिरुद म्हणून ठेवून घेतले.

यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. कारण नावाप्रमाणे ही युद्धपद्धतीही एकट्या कोणाची नव्हती. शिवछत्रपतींच्या आधी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने ती दख्खनमध्ये नावारूपाला आणली. हा मलिक अंबर आफ्रिकेतला हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि स्वकर्तृत्वाने वजिरीपर्यंत चढलेला. १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वाटेत चिखल केला आणि रात्रीअपरात्री छापे घालून त्यांना जेरीस आणले. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. पुढे सह्याद्रीच्या घाटांत, किल्ल्यांच्या आधाराने, या पद्धतीला शिवछत्रपतींनी जे रूप दिले ते सर्वस्वी त्यांचे होते. त्यांनी तिला एक राज्य दिले, एक हेतू दिला आणि एक शिस्त दिली. हबशी वजिराचा अनुभव, अरबी शब्द आणि सह्याद्रीचा कडा असा हा संगम आहे.

आता या गोष्टीचा धागा जिथे आपण बसलो आहोत त्या शहरात आणू. द्वारकेहून मेट्रोच्या निळ्या मार्गाने शहराच्या मध्यभागाकडे गेले की तिथून तालकटोरा फारसे दूर नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथल्या स्टेडियममध्ये भरले होते. अध्यक्ष होत्या तारा भवाळकर. दिल्लीला असे संमेलन त्यापूर्वी १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली, झाले होते. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकजण तालकटोऱ्याला गेले असतील, पुस्तके घेऊन आले असतील. त्याच परिसरात मराठे पूर्वी एकदा आले होते. तेव्हा हाती पुस्तके नव्हती.

१७३७ सालच्या वसंतातली ही घटना. मल्हारराव होळकरांची तुकडी यमुना ओलांडून दोआबात शिरली होती. अवधचा सुभेदार सादतखान याने तिला मागे रेटले आणि मराठ्यांचा पुरता बीमोड केल्याची बढाई बादशहा मुहम्मदशहाला लिहून कळवली. मोठमोठे मोगल सरदार आग्रा-मथुरेच्या बाजूला फौजा घेऊन होते. बाजीराव पेशव्यांनी त्यांच्याशी झुंज घेतलीच नाही. त्यांना बगल देऊन, मेवातच्या अंगाने लांब मजला मारीत, ते थेट दिल्लीपुढे येऊन उभे राहिले. रामनवमीचा सुमार होता आणि कालकाजीच्या देवीची जत्रा भरली होती. पुढे रकाबगंज-तालकटोऱ्याच्या परिसरात शहरातून बाहेर पडलेल्या मोगल तुकडीशी चकमक झाली आणि ती तुकडी मोडली. मथुरेकडच्या फौजा परतत असल्याचे कळताच मराठे जसे आले तसे रेवाडीच्या वाटेने निघून गेले. हा खरा कावा. घोड्याने घेतलेले हे रिंगण दिल्लीच्या तख्ताभोवती होते.

या स्वारीविषयी बाजीरावांनी बंधू चिमाजी आप्पांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दिल्ली जाळून खाक करण्याचा विचार मनात आला होता. परंतु त्याने राजकारणाचा धागा तुटेल, हे ओळखून तो सोडून दिला, असा त्याचा आशय आहे. हा संयम आपण अभिमानाने सांगतो आणि तो सांगण्यासारखा आहेच. पण त्याच स्वारीच्या नोंदींत आणखी एक गोष्ट आहे : कालकाजीच्या जत्रेला आलेली माणसेही लुटली गेली. ती मोगल सरदार नव्हती. देवीच्या दर्शनाला निघालेली, आपल्यासारखीच माणसे होती. त्यांतल्या एखाद्या म्हातारीने घरी परतून ‘गनीम आले होते’ असे सांगितले असेल, तर तिला खोटे ठरवता येणार नाही. शब्दाचा अर्थ कोशात एकच असतो. पण तो कोणाच्या तोंडून निघाला यावर त्याचे वजन ठरते.

हेच पुढे बंगालमध्ये मोठ्या प्रमाणावर घडले. तिथला शब्द वेगळा, त्याचे नशीबही वेगळे. तो शब्द म्हणजे ‘बारगीर’.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळते, जो पागेत राहतो आणि पगार घेतो, तो बारगीर. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे घोड्याला पाणी कोण पाजणार आणि नाल कोण ठोकणार, इथपर्यंत व्यवस्था ठरलेली. बारगीर हा या सैन्याचा सर्वांत नियमित, सर्वांत शिस्तीतला स्वार होता.

नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ साली बंगालमध्ये उतरल्या आणि हाच शब्द तिथे ‘बर्गी’ झाला. पुढची नऊ-दहा वर्षे स्वाऱ्या होत राहिल्या. नवाब अलिवर्दीखानाने १७४४ मध्ये भेटीच्या निमित्ताने बोलावून भास्कररामांचा घात केला. अखेर १७५१ च्या तहाने नवाबाने दरसाल बारा लाखांची चौथ मान्य केली आणि ओरिसाचा महसूल भोसल्यांकडे गेला. मराठी इतिहासात ही यशस्वी मोहीम आहे. बंगाली इतिहासात तो ‘बर्गीर हांगामा’ आहे. कोलकात्याच्या इंग्रजांनी त्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला नावच ‘मराठा डिच’ पडले. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य रचले. नाव ऐकून आपल्याला वाटेल की आपल्या प्रदेशाची थोरवी गायली असेल. त्यात आहे ती गावोगावच्या पळापळीची कथा : पोथ्या उचलून निघालेले ब्राह्मण, तराजू घेऊन निघालेले सोनार, घरदार टाकून वाट फुटेल तिकडे धावणारी बायकामुले.

आणि बंगालमध्ये एक अंगाईगीत आजही म्हटले जाते. बाळाला निजवताना आई सांगते की देशात बर्गी आले आहेत, धान्य पाखरांनी खाल्ले आहे, आता सारा कुठून भरायचा. लढाया विसरल्या गेल्या, तह विसरले गेले, रघूजींचे नावही सामान्य बंगाली माणसाला ठाऊक नसेल. पण तो शब्द पाळण्यापाशी राहिला. ज्याला आपण पगारी, शिस्तीचा स्वार म्हणत होतो, तो तीनशे कोसांवर जाऊन नियम नसलेला, माया नसलेला लुटारू ठरला.

द्वारकेच्या सोसायट्यांत एकाच जिन्यावर मराठी आणि बंगाली घरे असतात. आपल्या मुलीची मैत्रीण एखाद्या दिवशी तिला विचारेल, ‘बर्गी म्हणजे तुमचेच लोक ना?’ तेव्हा आपल्या मुलीने काय उत्तर द्यावे? ‘ते खोटे आहे’ असे म्हणावे, की खाली मान घालावी? पालकांसमोरचा हा प्रश्न काल्पनिक नाही. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला तो सहसा कोणी विचारीत नाही. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाला तो विचारला जातोच.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. चिपळूणजवळ हलवर्ण येथे स्वराज्याच्या घोडदळाची छावणी होती. तिथल्या जुमलेदारांना शिवछत्रपतींच्या वतीने गेलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात शौर्याची भाषा नाही. पावसाळ्याचे दिवस आहेत, जपून ठेवलेला दाणा आणि वैरण आधीच उधळून टाकाल तर पुढे घोडे उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरी जातील, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजी. असे झाले तर जे बिचारे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेही निघून जातील आणि त्यांना तुम्ही मोगलांहून अधिक वाईट वाटाल, असा इशारा त्यात दिला आहे. रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारीक विचारही त्यात आहे.

म्हणजे आपला स्वार कोणाच्या तरी दारात ‘गनीम’ ठरू शकतो, ही शक्यता राजानेच ओळखली होती. वैरणीची एक पेंढी बळाने उचलली की सैनिक आणि लुटारू यांच्यातली रेघ पुसली जाते, हे त्याला ठाऊक होते. बंगालच्या स्वाऱ्या मापायच्या तर परक्यांचे माप आणण्याची गरज नाही. हलवर्णचे पत्र पुरेसे आहे. त्या मापाने त्या स्वाऱ्या उणे ठरतात, असे आपल्या मुलीने मैत्रिणीला शांतपणे सांगावे. त्याने शिवछत्रपतींची उंची कमी होत नाही. उलट त्यांनी घालून दिलेला दंडक किती कठीण होता, ते कळते.

तिसरा शब्द ‘पेंढारी’. मराठी माणसाच्या कानाला तो थेट पेंढीशी, पेंढ्याशी जोडलेला वाटतो : फौजेच्या मागून येऊन चारा-वैरण उचलून नेणारा तो पेंढारी. दुसरी एक व्युत्पत्ती मध्य भारतात कारभार पाहिलेल्या जॉन मल्कमने नोंदवली आहे. ‘पिंड’ नावाच्या मादक पेयाच्या दुकानांत हे लोक पडून असत, म्हणून त्यांना हे नाव पडले, असा समज रूढ होता. आणि करीमखान या पेंढारी सरदारानेच मल्कमला सांगितले की नावाचे दुसरे कारण आपण कधी ऐकलेले नाही. इथे थोडे थांबायला हवे. ज्याच्या नावाची चर्चा चालली आहे, त्याला विचारले तर तोही जगाने दिलेलीच कथा सांगतो. त्याच्याजवळ स्वतःची कथा उरलेली नाही.

पेंढारी मराठी फौजांबरोबर चालत. त्यांना पगार नसे. लूट हीच त्यांची मिळकत आणि त्या लुटीतला वाटा ‘पालपट्टी’ म्हणून सरकारात भरावा लागे. शिंदेशाही पेंढारी, होळकरशाही पेंढारी अशी त्यांची ओळख असे. म्हणजे लुटीचा दोष त्यांचा आणि वाटा सरकारचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी सत्ता खिळखिळी झाली आणि सांभाळणारा धनी न उरलेल्या या टोळ्या मोकाट सुटल्या. १८१७ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने एक लाखाहून अधिक फौज त्यांच्यावर गोळा केली. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त हे निमित्त होते आणि ते खरेही होते. पण ती मोहीम संपली तेव्हा १८१८ साली पेशवाईही संपलेली होती. पुढे करीमखानाला गोरखपूर जिल्ह्यात जमीन मिळाली, तो शेतकरी झाला. चितू असिरगडाच्या रानात वाघाच्या तोंडी पडला. अमीरखान, ज्याला इंग्रज लेखक बरेचदा पेंढाऱ्यांतच मोजत, त्याने वेळीच तह केला आणि तो टोंकचा नवाब झाला. कालपर्यंत एका रांगेत असलेल्यांपैकी एक कुणबी, एक शिकार आणि एक नवाब. तह कोणी केला आणि कधी केला, यावर कोणाला काय म्हणायचे ते ठरले.

याच काळात युरोपात एक नवा शब्द जन्माला येत होता. १८०८ साली नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या. स्पेनची खडी फौज मोडली. मात्र गावोगावचे शेतकरी, धर्मगुरू, मेंढपाळ डोंगरांच्या आधाराने फ्रेंचांच्या रसदीवर छापे घालू लागले. स्पॅनिश भाषेत ‘गेरा’ म्हणजे युद्ध. त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘गेरिया’, म्हणजे छोटेखानी युद्ध. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि युद्धाचे नाव लढणाऱ्यालाच दिले. तोच आपल्याकडे ‘गेरिला’, ‘गुरिल्ला’ म्हणून आला. स्पेनमध्ये या गेरिलांच्या बरोबरीने लढणारा इंग्रज सेनापती होता वेलिंग्टन. हाच आर्थर वेलस्ली १८०३ साली जालन्याजवळ असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला होता. दख्खनमध्ये ज्या तऱ्हेच्या स्वारांना इंग्रज लुटारू म्हणत, त्याच तऱ्हेने स्पेनमध्ये लढणारे त्यांचे मित्र आणि देशभक्त ठरले. ग्रांट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात लुटारूपणाची विशेषणे जागोजागी भेटतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयाची मीमांसा लिहिली, तेव्हा त्या विशेषणांआड दडलेले राष्ट्र दाखवणे हाच त्यांचा एक हेतू होता.

तेव्हा गनीम, बर्गी, पेंढारी, गेरिला हे चारही शब्द नियमित फौजेबाहेरच्या, किंवा तसे समजल्या गेलेल्या, लढवय्यांसाठी वापरले गेले. त्यांपैकी गनीम आणि बर्गी मराठी माणसाला दुसऱ्यांनी दिले. पहिला त्याने अभिमानाने डोक्यावर घेतला; दुसरा त्याला ऐकूच आला नाही, कारण तो दूरच्या पाळण्यापाशी हळू आवाजात उच्चारला जात होता. तिसरा आपण आपल्यातल्याच काहींना दिला आणि त्यांच्या लुटीतला वाटा घेऊनही त्यांना आपले मानले नाही. आणि चौथ्याने सिद्ध केले की तीच पद्धत मित्राने वापरली की तिला सन्मानाचे नाव मिळते.

आता त्या मुलीकडे परत जाऊ. तिला द्यायचे उत्तर असे : ‘बाळ, तुझी शंका बरोबर आहे. हा शब्द दुसऱ्याच्या तोंडचा आहे. आपल्याला जो पकडू शकला नाही त्याने तो रागाने उच्चारला आणि आपण तो जपून ठेवला. यापुढे असा कोणताही शब्द वाचलास, लुटारू, बंडखोर, वीर, दहशत घालणारा, तर आधी विचार, हे कोण म्हणते आहे? आणि मग दुसरा प्रश्न विचार, ज्याच्या दारात तो स्वार उभा राहिला होता, त्या घरातला माणूस काय म्हणतो?’ पहिला प्रश्न विचारणारे मूल दुसऱ्याच्या शिवीने खचत नाही. दुसरा प्रश्न विचारणारे मूल स्वतःच्या अभिमानाने आंधळे होत नाही. दोन्ही प्रश्न विचारता येणे यालाच इतिहास शिकणे म्हणतात.

दिल्लीसारख्या शहरात मराठी माध्यमाची शाळा कशासाठी, असा प्रश्न साठ वर्षांत अनेकदा विचारला गेला आहे. पुढेही विचारला जाईल. मातृभाषा टिकावी, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. महाराष्ट्रात मराठी शिकणाऱ्या मुलाला ‘गनिमी कावा’ची एकच बाजू दिसण्याचा संभव असतो. इथल्या मुलाच्या एका कानावर ‘गनिमी कावा’ पडतो आणि दुसऱ्या कानावर ‘गनीमत है’. त्याच्या शेजारी बर्गीची अंगाई ऐकलेली मैत्रीण असते आणि समोरच्या घरात टोंकहून आलेले कुटुंब असते. त्याला आपली भाषा आतूनही कळते आणि बाहेरून ती कशी ऐकू येते, तेही कळते. हा लाभ मागून मिळत नाही. तो पदरात पडलेला आहे. खऱ्या अर्थाने ती ‘गनीमत’ आहे.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा उभी केली, त्यांना अभिवादन. ज्या माजी विद्यार्थ्यांनी तिचे नाव देशोदेशी नेले, त्यांचे कौतुक. आणि इतिहासाच्या तासाला हात वर करणारी मुले या वर्गांतून पिढ्यान् पिढ्या घडत राहोत, ही सदिच्छा.